कॅलिपरचा बोल्ट आवळला तरी सैल होतो: जुनाच लावायचा की नवा?

पावसाळा ओसरला की किनाऱ्याकडच्या गॅरेजांत ही तक्रार हमखास येते. बाइकच्या पुढच्या चाकाकडून टकटक आवाज. खड्ड्यात जास्त, ब्रेक दाबला की बंद, सोडला की पुन्हा सुरू. मेस्त्री कॅलिपर (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) हाताने हलवून बघतो, एक बोल्ट अर्धा-पाऊण फेरा फिरतो, तो आवळतो, झालं. महिन्या-दोन महिन्यांनी गाडी परत दारात. या वेळी पान्याला पाइप लागतो. "आजून एक पीळ मार, काय होवचा नाय!" असं म्हणणारा कोणीतरी बाजूला उभा असतोच. मग एक दिवस पाना नुसताच फिरत राहतो आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या) ॲल्युमिनियममधले आटे बोल्टाला गुंडाळूनच बाहेर येतात. बोल्ट चहा-वडापावच्या पैशात येतो, फोर्कचा खालचा पाय काही हजारांत जातो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर असं: जो बोल्ट दोनदा सैल झाला, तो तिसऱ्यांदा लावायचा नाही. पण नुसता नवा बोल्ट घातल्यानेही हे थांबेलच असं नाही. बोल्ट सैल होण्याचं कारण बऱ्याचदा त्याच्या डोक्याखाली असतं, नाहीतर भोकात, नाहीतर मागच्या खेपेला कोणी काय चोपडलं त्यात. ते शोधलं नाही तर नवा बोल्टही तसाच निघून येणार.

बोल्ट धरून ठेवतो तो कशाच्या जोरावर

आवळताना बोल्ट ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. सगळं काम हा ताण करतो. ८ मिमीचा, ८.८ ग्रेडचा (ताकदीचा दर्जा, पुढे सांगतो) कोरडा बोल्ट २५ न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पान्याच्या तेवढ्या पिळाने, आवळला की तो साधारण दीड टनाने दाबून धरतो. एवढा जोर, पण त्यासाठी बोल्ट लांबतो किती? पकड ३० मिमीची असेल तर जेमतेम ०.०६ मिमी, म्हणजे ६० मायक्रॉन.

हा आकडा डोक्यात ठेवा, कारण निम्मे घोटाळे इथेच आहेत. हौसेने पावडर कोटिंग करून घेतलेल्या ब्रॅकेटवरचा थर ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. बोल्टाच्या डोक्याखाली तो थर राहिला, उन्हात आणि ब्रेकच्या उष्णतेत दबला, की बोल्ट एक अंशही न फिरता त्याचा ताण संपला. गंजाचा पापुद्रा, वाळलेला चिखल, रंगाचा ओघळ, सगळ्यांचं गणित तेच. आवळला तेव्हा बोल्ट घट्टच होता, हे मेस्त्रीचं म्हणणं खोटं नसतं.

ताण गेला की पुढचं काम रस्ता करतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली दाखवून दिलं की बोल्ट सैल व्हायला उभ्या धक्क्यांपेक्षा आडवी घसर जास्त कारणीभूत असते. जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर सुटतं आणि बोल्ट किंचित उलटा फिरतो. ब्रेक लावला की कॅलिपर नेमका तसाच आडवा ओढला जातो, फिरत्या डिस्कबरोबर जायला बघतो. आंबोली किंवा कुंभार्ली उतरताना असे शेकडो ओढे बसतात. युंकरच्या पद्धतीच्या चाचण्यांत स्प्रिंग वॉशर जवळजवळ निरुपयोगी ठरतो, तेव्हा "नवीन वायसर टाकलाय, आता नाय सुटणार" यावर फार विसंबू नका.

काढलेला बोल्ट हातात घ्या

आधी काढताना लक्ष द्या. सुरुवातीचा फेरा कडक आणि मग हाताने सुटला, तर ठीक. पहिल्यापासून हाताने फिरला, तर ताण केव्हाच गेला होता. पूर्ण लांबीभर कुरकुरत, अडखळत आला, तर आटे खराब आहेत किंवा आत ॲल्युमिनियमचा पांढरा क्षार साचला आहे.

कॅलिपर आणि फोर्क जिथे टेकतात ती जागा पुसण्याआधी बघा. तिथे लालसर-तपकिरी भुकटी दिसली तर चिमटीत चोळा. आपल्याकडे यात फसगत होते, कारण चिरेखाणीच्या रस्त्यावरून येणाऱ्या गाडीवर सगळीकडे लालच धूळ असते. पण जांभ्याची धूळ बोटांत करकरते आणि गाडीभर पसरलेली असते. ही भुकटी मऊ लागते, तेल लागलं की काळपट लेप होतो, आणि ती फक्त सांध्यातच सापडते. लोखंडी भाग दुसऱ्या धातूवर बारीक बारीक घासून झालेला तो गंज आहे. ती सापडली म्हणजे सांधा बरेच दिवस सरकत होता.

मग बोल्ट ब्रशने साफ करून त्यावर योग्य आट्यांचा नवा नट बोटांनी चढवा. शेवटपर्यंत सहज गेला पाहिजे. मध्येच अडला आणि तिथे ठोकर किंवा माती दिसत नसेल, तर बोल्ट तिथे ताणला गेला आहे: आट्यांमधलं अंतर वाढलंय. थ्रेड गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी) असेल तर तो उजेडाकडे धरून लावा, एका टोकाला बसतो आणि दुसऱ्या टोकाला वर राहतो. व्हर्नियरने आट्यांखालची दांडी तीन-चार जागी मोजा, कुठे बारीक झाली असेल तर बोल्ट सरळ भंगारात. सपाट काचेवर घरंगळवला की वाकलेला बोल्ट लगेच कळतो. दांडीवर एकाच बाजूला घासून चकाकलेला पट्टा दिसला, तर तो बोल्ट ताणाने धरायच्या ऐवजी कडेने मार खात होता. तोही गेला.

वरवरचा गंज आणि खड्डे पडलेला गंज यांत फरक करा. ब्रशने निघून खाली गुळगुळीत लोखंड दिसलं तर चालेल. नखाला खड्डा लागला, आणि तोही डोक्याच्या मुळाशी किंवा पहिल्या आट्यापाशी, तर तडा तिथूनच जातो.

या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते: बोल्ट मुळात त्या जागचाच आहे का? जपानी घडणीच्या गाड्यांत ८ मिमीच्या बोल्टाला १२चा पाना लागतो आणि १०च्या बोल्टाला १४चा. तुमच्या कॅलिपरच्या एका बोल्टाला १२चा आणि दुसऱ्याला १३चा पाना लागत असेल, तर दुसरा हार्डवेअरच्या दुकानातून आलाय. १० मिमीत तर जास्त जपायला हवं. गाडीत बऱ्याच ठिकाणी १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) आटे असतात आणि बाजारात सहज मिळतो तो १.५ पिचचा. दोन-तीन फेरे तो हाताने जातो, पुढे पान्याच्या जोराने जातो, आणि जाताना फोर्कचे आटे खाऊन जातो.

लांबीही तपासा. आखूड बोल्टाला पुरेसे आटे मिळत नाहीत. ॲल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीड ते दोन पट तरी आत गेला पाहिजे, म्हणजे ८च्या बोल्टाला १२ ते १६ मिमी. लांब बोल्ट त्याहून वाईट. भोक आरपार नसेल तर तो तळाला टेकतो; टॉर्क पाना (ठरवलेला जोर झाला की आवाज देणारा) "कट्" म्हणतो, आपण खूश, आणि कॅलिपर मात्र दाबलाच गेलेला नसतो. भोक आरपार असेल तर टोक डिस्कला घासू शकतं. भोकात वाळलेला चिखल किंवा ग्रीसचा गोळा असला तरी बोल्ट असाच आधी टेकतो.

खारं वारं आणि मासळीचं पाणी

घाटावरच्या मित्रांना हे खरं वाटत नाही, पण आपल्याकडे पाऊस नसतानाही बोल्ट ओला असतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं, आणि किनाऱ्यावर तेवढी आर्द्रता असायला जून लागत नाही. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास क्षार असतात. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या जेटीवरून गाडी चढवताना उडालेलं पाणी सांध्यांत शिरतं आणि तिथे मीठ ठेवून जातं.

सगळ्यात हाल मासळीच्या गाड्यांचे. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण, कुठल्याही बंदरावर सकाळी बघा. मागे क्रेट किंवा थर्माकोलची पेटी, त्यात बर्फ आणि बांगडे, आणि पेटीच्या कोपऱ्यातून संततधार. ते खारट पाणी स्विंगआर्मवरून ओघळून एक्सलच्या नटावर, चेन ॲडजस्टरवर, स्प्रॉकेटच्या नटांवर आणि मागच्या कॅलिपरवर पडतं. अशा गाडीच्या मागच्या बोल्टांना मी दुसऱ्या गाड्यांचा हिशोब लावतच नाही. मागचं चाक उघडलं की स्प्रॉकेटचे नट नवे, हे ठरलेलं. पेटीखाली रबरी शीट टाकून पाणी एका बाजूला सोडण्याची सोय करा आणि फेरी संपल्यावर गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची गरज नाही, बादली आणि तांब्या पुरतो.

चाकरमान्यांची गाडी हा वेगळा प्रकार. मे संपला की पडवीत ताडपत्रीखाली जाते आणि गणपतीला बाहेर निघते. ताडपत्रीखाली ओल कोंडते. अशा गाडीचा बोल्ट सैल होत नाही, उलट जाम होतो, आणि काढताना तुटतो. घाई करू नका. पेनिट्रेटिंग ऑइल संध्याकाळी मारा, सकाळी परत मारा, बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने सरळ ठोके द्या, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. फिरायला लागला तरी एकदम काढू नका. थोडा सोडा, थोडा आवळा, तेल मारा. अशा झटापटीने निघालेला बोल्ट दिसायला कितीही बरा असो, पुन्हा वापरू नये.

कुठला परत चालतो, कुठला नाही

गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल जे सांगेल ते पहिलं. "रिप्लेस" लिहिलं असेल तर वाद संपला. बाकी ढोबळमानाने असं:

डिस्क हबला धरणारे बोल्ट काढले की नवे. होंडाच्या मॅन्युअलमध्ये यांना एएलओसी बोल्ट म्हटलेलं असतं; आट्यांवर कारखान्यातच लॉक लावून येतो आणि काढल्यावर नवाच लावायला सांगितलेलं असतं. इतर गाड्यांतही मी इथे कंजुषी करत नाही.

कॅलिपरचे माउंटिंग बोल्ट वरच्या तपासणीत पास झाले, सैल होण्याचा इतिहास नसला आणि मॅन्युअल नाही म्हणत नसलं, तर आटे साफ करून, लॉकटाइट (आट्यांत वाळून बोल्ट धरून ठेवणारा द्रव) लावून परत चालतात. नुसते पॅड बदलायला उघडलेल्या चांगल्या बोल्टाला फेकून देण्यात अर्थ नाही. ब्रेक नळीच्या बॅन्जो बोल्टाचंही तेच, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या मात्र दर वेळी नव्या. एकदा दबलेली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चकती दुसऱ्यांदा तशी दबत नाही, आणि मग गळती थांबवण्यासाठी बोल्टावर जोर काढला जातो. तो बोल्ट आतून पोकळ असतो, हे विसरू नका.

नायलॉनवाला नट बोटांनी पूर्ण फिरत असेल तर संपला. एक्सल आणि स्प्रॉकेटला मी तो फिरत नसला तरी नवा घालतो. सायलेन्सरपाशी नायलॉनचा नट लावूच नये, साधारण १२० अंशांपुढे नायलॉन पकड सोडतं. स्प्लिट पिन दर वेळी नवी. सरळ करून परत घातलेली पिन बघितली की मला त्या गॅरेजमधल्या बाकी कामाचीही शंका येते.

इंजिन माउंटिंगचे लांब बोल्ट सरळ असतील आणि दांडी खाल्लेली नसेल तर परत जातात. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टाचा प्रश्न आपल्या नेहमीच्या सिंगल सिलिंडर गाड्यांत बहुधा येत नाही, कारण रॉड अखंड आणि क्रँक प्रेस केलेली असते. ट्विन (दोन सिलिंडरची) गाडी उघडली असेल आणि तिथे बोल्ट कोनात मोजून आवळायचे असतील, तर ते मुद्दाम यील्डपर्यंत, म्हणजे कायमचे लांबायला लागेपर्यंत, ताणलेले असतात. ते एकदाच वापरायचे.

स्टेनलेसचा मोह

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला गंजाचा इतका वैताग असतो की हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत स्टेनलेस बोल्ट दिसला की हात पुढे जातोच. नंबर प्लेटला लावा, मडगार्डला लावा, बड्या साहेबांच्या थाटात मिरवा. ब्रेकला नको.

बोल्टाच्या डोक्यावरचे आकडे वाचा. ८.८ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल आणि कायमचा लांबायला लागतो तो ६४०ला. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. दुकानात मिळणाऱ्या साध्या स्टेनलेसवर ए२-७० लिहिलेलं असतं. तो ७००ला तुटतो, पण लांबायला लागतो ४५०लाच. ८.८साठी दिलेला टॉर्क त्याला दिला की तो जवळपास आपल्या हद्दीवर जाऊन बसतो. शिवाय खाऱ्या ओलीत स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम शेजारी आले की खराब होतं ते ॲल्युमिनियम, म्हणजे तुमचा फोर्क. डोक्यावर काहीच आकडा नसलेला बोल्ट तर कुठल्याच महत्त्वाच्या जागी नको.

दुसरा मोह टॉयलेट क्लीनरचा. गंजलेले बोल्ट त्यात बुडवून चकाचक करतात. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. १०.९ किंवा त्यावरच्या ग्रेडच्या पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो, पोलाद ठिसूळ होतं, आणि आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तुटू शकतो, आधी काही न दाखवता. ८.८ला हा धोका कमी, पण त्याचाही जस्ताचा मुलामा जातोच आणि पहिल्या आठवड्यात तो लाल होतो. ब्रश आणि घासलेट पुरे.

बसवताना

डोक्याखालचा रंग किंवा पावडर कोटिंग बोल्टाच्या चकतीएवढ्या गोलात खरवडून काढा. कॅलिपर आणि फोर्क टेकतात ती जागाही. उघडी कड नंतर बाहेरून रंगाने बंद करता येते.

आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकातला चिखल आणि जुना लॉकटाइट काढा. टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा असेल तर योग्य पिचचा, आणि हाताने. नुसतं साफ करायचंय, नवे आटे पाडायचे नाहीत. मग ब्रेक क्लीनर मारून, फडक्याने पुसून वाळू द्या. पेट्रोलने धुतलं तर तेलकटपणा मागे राहतो आणि लॉकटाइट धरत नाही.

निळा, मध्यम ताकदीचा लॉकटाइट पुरतो. दोन थेंब, आट्यांवर. लाल लावू नका. तो सोडवायला २५० अंशांच्या आसपास तापवावं लागतं आणि ब्रेकशेजारी ते कोणाला नकोय. निळ्याला पूर्ण पक्का व्हायला २४ तास द्या. गाडी लगेच हवी म्हणून ओरडणारा गिऱ्हाईक असतोच, त्याला उद्या ये म्हणून सांगा.

ग्रीसचं काय? गंज लागू नये म्हणून आट्यांना भरपूर ग्रीस चोपडायची आपल्याकडे सवय आहे आणि त्यामागचा विचार चुकीचा नाही. पण पान्याच्या जोरातला ९० टक्के भाग घर्षणातच जातो, ताण निर्माण करतो तो जेमतेम दहावा हिस्सा. ग्रीसने घर्षण घटलं की तोच २५ न्यूटन-मीटर दीड टनाऐवजी दोन टनांच्या वर ताण देऊ शकतो, म्हणजे ८.८चा बोल्ट लांबायच्या बेतात. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर आटे कोरडेच ठेवा, किंवा त्यात सांगितलेलंच लावा. गंजापासून वाचवायचं असेल तर बोल्ट आवळून झाल्यावर डोक्यावर आणि उघड्या टोकावर ग्रीसचा पातळ हात फिरवा, डिस्कला बोट लागू न देता.

दोन्ही बोल्ट आधी हाताने पूर्ण घाला, मग आलटून पालटून, दोन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळा. टॉर्क पाना नसेल तर गावात ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मागून आणा. तालुक्यात एक तरी असतोच.

फोर्कचे आटे आधीच गेले असतील तर जाड बोल्ट ठोकू नका आणि वेल्डिंगवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. ८ x १.२५साठी ८.३ मिमीच्या आसपासचं ड्रिल आणि त्याचा स्वतःचा टॅप लागतो. भोक सरळ जाणं महत्त्वाचं, म्हणून फोर्कचा पाय सोडवून चांगल्या लेथवाल्याकडे न्या. नीट बसलेली हेलिकॉइल मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा कमी पडत नाही.

नवा बोल्ट मागताना "कॅलिपरचा बोल्ट द्या" म्हणून भागत नाही. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट नंबरवर मागवा. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशा ठिकाणी डीलरच्या काउंटरवर तो मागवता येतो, फक्त थांबायची तयारी हवी. मुंबईहून कोणी येणार असेल तर नागदेवी स्ट्रीटवर ग्रेडचे बोल्ट मिळतात, पण जुना बोल्ट नमुना म्हणून सोबत द्या आणि व्यास, पिच, लांबी, ग्रेड चारही कागदावर लिहून द्या. गाडी उघडण्याआधी बोल्ट आणून ठेवलेला असला की "आजचा दिवस जुन्यावर भागव" हा संवादच होत नाही.

शेवटी बोल्टाच्या डोक्यावरून कॅलिपरवर पेंट मार्करने एक रेघ ओढा. शे-दोनशे किलोमीटरनंतर बघा. रेघ सलग असेल तर हात लावू नका. उगाच "चेक" म्हणून पाना फिरवला तर धरलेला लॉकटाइट फुटतो. रेघ सरकलेली दिसली तरी तिथल्या तिथे आवळू नका. बोल्ट पूर्ण काढा, आणि या वेळी डोक्याखालची जागा, भोकाचा तळ आणि कॅलिपरचं ब्रॅकेट कुठे तडकलंय का, हे पुन्हा पहिल्यापासून बघा.